हौस नानाची, हाल नातवंडांचे



मे महिना लागला की आमच्या वाशीम, कारंजा, रिसोडकडून पुण्या-मुंबईला जाणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या गाड्यांत जागा मिळत नाही. कोणी लग्नाला निघालेलं असतं, कोणी लेकीच्या घरी. अलीकडे त्यात आणखी एका मंडळींची भर पडली आहे. ही मंडळी कडेवर तान्हं लेकरू, हातात पाण्याचा मोठा थर्मास आणि डोक्यात एकच बेत घेऊन निघतात. थीम पार्क पाहायचं! तिथले उंच झुले, पाण्याच्या घसरगुंड्या, अंधारातली भुतांची गुहा पाहायची.

हे वेड तसं फार जुनं नाही. दिल्लीचं अप्पू घर १९८४ साली सुरू झालं, गोराईचं एस्सेल वर्ल्ड १९८९ साली. एस्सेल वर्ल्डची जाहिरात आमच्या पिढीनं दूरदर्शनवर इतक्यांदा पाहिली, की न जाताच आम्ही तिथं जाऊन आल्यासारखे होतो. आता ही दोन्ही बंद झाली आहेत, अप्पू घर २००८ मध्ये आणि एस्सेल वर्ल्ड २०२२ मध्ये. खोपोलीजवळचं इमॅजिका २०१३ साली उघडलं. दरम्यान छोट्यामोठ्या बागा तर कितीतरी निघाल्या.

मला आज बोलायचं आहे ते अशा बागांत अगदी लहान लेकरांना, म्हणजे दीड-दोन वर्षांपासून चार-पाच वर्षांपर्यंतच्या पोरांना नेण्याविषयी. मी काही बालरोगतज्ज्ञ नाही. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण तीन वर्षांपूर्वी दोन नातवंडांना घेऊन अशा एका बागेत गेलो आणि हात पोळून परत आलो. बागेचं नाव सांगत नाही. तिचा दोष थोडा, माझा जास्त होता.

माझं लहानपण मंगरुळपीरला गेलं. हजरत दादा हयात कलंदर यांच्या दर्ग्याचा उरूस ही आमची दिवाळी, आमचा सिनेमा आणि आमचं थीम पार्क. तिथं लाकडी घोड्यांचा पाळणा यायचा. दोन माणसं तो हातानं फिरवायची. दहा पैशांत पाच-सहा फेरे मिळायचे. माझे अब्बा पिंजारी. दिवसभर धुनकीवर कापूस पिंजून संध्याकाळी घरी यायचे तेव्हा त्यांच्या भुवयांवर पांढरी रुई बसलेली असायची. आम्ही सहा भावंडं. सहा जणांचे साठ पैसे होतात, हा हिशेब मला पाचव्या वर्षीच पाठ झाला होता. त्यामुळे आम्ही पाळण्याजवळ उभे राहून दुसऱ्यांची पोरं मोजायचो. त्या घोड्यांतल्या एका घोड्याचा कान तुटलेला होता. तो मला अजून आठवतो. मी त्याच्यावर कधीच बसलो नाही.

हे मुद्दाम सांगतो आहे. पुढं जे झालं त्याची मुळं या तुटक्या कानात आहेत.

२००६ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी माझ्या मुलीला शेगावच्या आनंदसागरला नेलं. तेव्हा ती दहा वर्षांची होती. तळ्याच्या मध्ये ते ध्यानकेंद्र, झुकझुक गाडी, झाडं, कारंजी. दिवसभर तिचे पाय जमिनीला लागले नाहीत. परतीच्या एस.टी.त रात्री माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली आणि झोपेतही हसत होती. आज ती दोन लेकरांची आई आहे, पण त्या दिवसाची तिला खडान्‌खडा आठवण आहे. आपल्या लेकरांनाही तसा दिवस द्यायचा, हे तिनं मनाशी धरलं होतं. भिशीचे पैसे आले आणि बेत ठरला. दहा वर्षांची मुलगी वेगळी आणि चार वर्षांची वेगळी, हे आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आलं नाही. नात गुड्डी चार वर्षांची होती आणि नातू छोटू दीड वर्षाचा. बरोबर जावई, मुलगी, माझी पत्नी आणि मी.

रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये बसून सकाळी पुण्यात नातेवाइकांकडे उतरलो. आंघोळी उरकल्या आणि तसेच बागेकडे निघालो. एक दिवस आराम करावा असं पत्नी म्हणाली होती. पण परतीचं बुकिंग दुसऱ्या रात्रीचं होतं, आणि 'झोपायला का पुण्याला आलो?' असं मीच म्हणालो. छोटूची झोप तिथंच मोडली. दीड वर्षाच्या लेकराला चोवीस तासांत अकरा ते चौदा तास झोप लागते, तीही दुपारच्या डुलकीसकट, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलं आहे. हे मी नंतर वाचलं. आमच्या घरातल्या बाईला ते न वाचताच माहीत होतं.

दारावर दोन गोष्टी झाल्या. पहिली म्हणजे आमची शिदोरी थांबली. भाकरी, तिळाची चटणी, उकडलेली अंडी, सगळं बाहेर ठेवा म्हणाले. छोटूची खिचडी तेवढी आत जाऊ दिली. दुसरी म्हणजे तिकिटं. अशा बऱ्याच बागांत मुलांचं तिकीट वयावर नसतं, उंचीवर असतं. छोटू फुकट, गुड्डी अर्ध्या तिकिटात, आम्ही चौघे पुऱ्या. साडेसहा हजार रुपये गेले. ते मोजताना जावयाचा हात जरा अडखळला. माझ्या डोक्यात तेव्हाच एक मीटर सुरू झालं, रिक्षाला असतं तसं. ते मग दिवसभर बंद झालं नाही. एवढे पैसे दिले, आता एकही झुला सोडायचा नाही!

पण झुले कोणासाठी होते? मोठ्या, जोराच्या झुल्यांवर कमीत कमी उंचीची अट असते, साधारण एकशे वीस सेंटिमीटरच्या आसपास. काही ठिकाणी थोडी कमी, काही ठिकाणी जास्त. चार वर्षांच्या मुलीची सर्वसाधारण उंची असते एकशे दोन-तीन सेंटिमीटर. म्हणजे तिला ज्याची चित्रं दाखवून आणलं, त्यातल्या बहुतेकांवर ती बसूच शकत नव्हती. तिकीट काढतानाच ही गोष्ट पक्की झालेली होती, फक्त आम्हाला माहीत नव्हती.

पहिल्याच मोठ्या झुल्यापाशी आम्ही पाऊण तास रांगेत उभे राहिलो. लोखंडी कठड्यांमधून नागमोडी जाणारी रांग. टोकाला पोचल्यावर तिथल्या पोरानं पट्टीजवळ गुड्डीला उभं केलं आणि मान हलवली. जावई म्हणाला, 'भाऊ, थोडंच तर कमी आहे.' गुड्डीनं टाचा उचलल्या. मलाही वाटलं, सोडावं त्यानं, काय फरक पडतो? तो पोरगा मात्र हलला नाही. त्यानं योग्य केलं, हे मला आज आवर्जून सांगायचं आहे. झुल्यातला तो लोखंडी दांडा, तो पट्टा, एका ठरावीक मापाच्या शरीरासाठी बसवलेला असतो. लहान शरीर त्याच्याखालून निसटतं. त्या पट्टीशी घासाघीस करणं म्हणजे लेकराच्या जिवाशी घासाघीस करणं. आपल्याकडच्या जत्रांत तर अशी पट्टीही नसते. आकाशपाळण्यात मांडीवर लेकरू घेऊन बसलेल्या बाया मी दरवर्षी पाहतो आणि पाळणा खाली येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.

गुड्डी रडली. भीतीनं नाही, अपमानानं. 'मैं छोटी हूँ क्या?' असं तिनं विचारलं. रोज घरात 'तू आता मोठी झालीस, भावाला सांभाळ' असं ऐकणारी मुलगी ती. एका पट्टीनं तिला सगळ्यांसमोर लहान ठरवलं.

मग आम्ही वाटण्या केल्या. मोठ्यांपैकी दोघं झुल्यात, दोघं पोरांजवळ. पुढच्या वेळी उलट. कागदावर छान दिसतं हे. प्रत्यक्षात सहा माणसांचं एक कुटुंब दिवसभर एकमेकांना शोधत फिरलं. माझ्या पत्नीनं एकही झुला पाहिला नाही. तिनं एका दुकानाची मागची भिंत पाहिली, कारण सावली तिथं होती.

भुतांच्या गुहेचं तर विचारू नका. ती लहानांसाठी आहे, असं बाहेर लिहिलेलं होतं. आत काळोख, मोठा आवाज आणि अचानक अंगावर येणारा बाहुला. बाहेर आलो तर मोठ्या डोक्याचा, दोन पायांवर चालणारा एक प्राणी हात मिळवायला पुढं आला. आतमध्ये माणूस आहे हे आपल्याला कळतं. दीड वर्षाच्या पोराला खरं आणि सोंग यांतली रेघ अजून दिसत नाही. छोटूनं माझ्या मानेला असा विळखा घातला की त्याची नखं उमटली. लोक हसले. मीसुद्धा हसलो. त्याचं रडं थांबायला अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात मीटर चालूच होतं.

वॉल्ट डिस्नेची एक गोष्ट सांगतो. लॉस एंजेलिसमधल्या ग्रिफिथ पार्कमध्ये तो आपल्या दोन मुलींना घेऊन जायचा. मुली फिरत्या घोड्यांवर बसायच्या आणि हा बाकावर शेंगा खात बसून राहायचा. आईबाप आणि मुलं, दोघांनाही एकत्र मजा करता येईल अशी जागा का नसावी, असं त्याला तिथं वाटलं. त्यातून पुढं डिस्नेलँड झालं. पण ते उघडलं १७ जुलै १९५५ रोजी, आणि तोवर त्याची थोरली मुलगी एकवीस वर्षांची होऊन तिचं लग्नही झालं होतं. उद्घाटनाच्या दिवशी ऊन इतकं, की ताज्या डांबरात बायकांच्या उंच टाचा रुतल्या. नळ बसवणाऱ्यांच्या संपामुळे प्यायच्या पाण्याचे नळ कमी पडले होते. सांगायचं असं, की या बागांच्या मुळाशीच बापाची हौस आहे, आणि ऊन-पाण्याचा प्रश्न पहिल्या दिवसापासून आहे.

उन्हावर आलो. आम्ही वऱ्हाडची माणसं, ऊन आम्हाला काय सांगता? पण आमचं शहाणपण असं, की दुपारी आम्ही उन्हात निघतच नाही. मे महिन्यात दुपारी दोन वाजता वाशीमच्या पाटणी चौकात उभं राहून पाहा, अख्खं गाव कूलरपुढं असतं. तिथं मात्र आम्ही त्याच वेळी सिमेंटच्या रस्त्यांवर फिरत होतो, कारण बाग संध्याकाळी बंद होणार आणि पैसे तर दिलेले. लहान लेकराचं शरीर आपल्यापेक्षा लवकर तापतं. वजनाच्या मानानं त्याची कातडी जास्त, त्यामुळे बाहेरची उष्णता ते भराभर ओढून घेतं. तहान लागली हे त्याला सांगता येत नाही. शिवाय आपण उभे असतो पाच-साडेपाच फुटांवर, आणि ते चालत असतं तापलेल्या जमिनीपासून हातभर उंचीवर.

तीनच्या सुमारास फोटो काढायचा ठरला. मागं तो मोठा झुला, पुढं आम्ही सगळे. गुड्डी तोंड फिरवून उभी. तिला शू लागली होती, भूक लागली होती, झोप आली होती; तिघांपैकी कोणती गोष्ट आधी सांगावी हे तिला कळत नव्हतं. जावयानं तीनदा समजावलं. आणि मी, मुलांसाठी कविता लिहिणारा माणूस, सगळ्या लोकांसमोर तिच्यावर ओरडलो, 'इतने पैसे खर्च किए, अब हँस!'

ती हसली. तो फोटो आमच्याकडे आहे.

त्याच वेळी पत्नी मागून हळूच म्हणाली, 'सुनो जी, इसकी लंगोट सुबह से सूखी है.' छोटू तिच्या खांद्यावर होता. आम्ही समजत होतो की शेवटी एकदाचा झोपला. ती झोप नव्हती. ओठ सुकलेले, अंग तव्यासारखं, हाक मारली तर डोळे अर्धे उघडून पुन्हा मिटत होता. माझ्या मुलीचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. कोणीतरी प्रथमोपचाराची खोली दाखवली. जावई पोराला घेऊन पळाला, त्याच्यामागे आम्ही.

तिथल्या परिचारिकेनं आधी एकच प्रश्न विचारला, 'शेवटची शू कधी केली?' सकाळपासून केली नाही म्हटल्यावर तिनं कपडे काढायला लावले, ओल्या फडक्यानं अंग पुसलं आणि जलसंजीवनी चमच्या-चमच्यानं पाजायला सांगितली. घाई करायची नाही, एकदम पाजायचं नाही, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू. अजून सुस्त झाला तर थेट दवाखाना, गाडी तयार आहे, असंही ती म्हणाली. माझी मुलगी चमचा धरून बसली. तिचा हात इतका थरथरत होता की अर्धं पाणी पोराच्या मानेवर सांडत होतं. तो चमचा मग तिच्या आईनं घेतला. मी भिंतीला टेकून उभा होतो. त्या तासाभरात माझ्या डोक्यातलं मीटर बंद पडलं. साडेसहा हजार काय, घरदार गेलं असतं तरी चाललं असतं.

पाच वाजता छोटूनं परिचारिकेच्या उशाशी शू केली. आमच्या घरात इतका आनंद कोणाच्या निकालालाही झाला नसेल.

आणि गुड्डी? ती खोलीबाहेर होती. समोरचा एक झुला दुरुस्तीसाठी बंद होता, पण त्याच्या रांगेचे कठडे रिकामे होते. त्या नागमोडी वाटेतून ती एकटीच धावत होती. इकडून आत, तिकडून बाहेर, कधी दांड्याखालून वाकून. टोकाला पोचली की स्वतःच पट्टीवाला व्हायची, स्वतःलाच पास करायची आणि पुन्हा सुरुवातीला जायची. ज्या रांगेनं सकाळी तिला छळलं, तीच रिकामी झाल्यावर तिचा खेळ झाली. मी जवळ गेलो तशी थांबली आणि माझ्या तोंडाकडे बघू लागली. पुन्हा ओरडतो का, ते पाहत होती.

लेकरांच्या आठवणींविषयी मानसशास्त्राची एक गोष्ट आता बहुतेकांना ठाऊक आहे. बहुतेक माणसांची सर्वांत जुनी आठवण तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासची असते. त्याआधीचं पुसून जातं. म्हणजे छोटूला त्या दिवसाचं काहीही आठवणार नाही. 'मग का नेलं?' याला माझ्याकडे एकच उत्तर आहे. मला तुटक्या कानाच्या घोड्यावर बसायचं होतं. माझ्या लेकीला शेगावचा दिवस पुन्हा जगायचा होता. लेकरांनी काही मागितलं नव्हतं. गुड्डीनं तर ट्रॅव्हल्समध्येच विचारलं होतं, की आपण पुण्याला बकरी पाहायला चाललो का, कारण मागच्या ईदला तिथल्या नातेवाइकांकडे बकरी होती.

लहान लेकरांना घेऊन कुठं जाऊच नये, असं माझं म्हणणं नाही. घरात कोंडलेली आई, तिलाही चार घटका बाहेर पडावंसं वाटतं. पण ही एवढी मोठी, महागडी, दिवसभराची बाग थोरल्याची उंची पट्टीला लागेपर्यंत थांबू शकते. थांबायचंच नसेल, तर निदान थंडीच्या दिवसांत जा. रात्रीचा प्रवास आणि बाग एकाच दिवशी जोडू नका. सकाळी दार उघडताच आत शिरा आणि लेकराच्या दुपारच्या झोपेआधी बाहेर पडा, मग किती झुले राहिले ते मोजू नका. जलसंजीवनीची पाकिटं आणि स्वच्छ पाणी जवळ असू द्या. लंगोटाकडे लक्ष ठेवा. चार-सहा तास कोरडा राहिला तर झुला सोडा आणि सावली गाठा. मनगटावर पेनानं फोन नंबर लिहा. आणि पैशाचं म्हणाल, तर तिकीट काढलं त्या क्षणी ते पैसे गेले असं समजा. पैसे वसूल करायचे असतात ते मोठ्यांनी. लेकरांकडून वसुली करायची नसते.

मागच्या उरुसात गुड्डीला मंगरुळपीरला घेऊन गेलो. आता तिथं विजेवर फिरणारे पाळणे येतात. मी सहज विचारलं, 'पुण्याची बाग आठवते का गं?' ती रेवड्या खात होती. म्हणाली, 'हाँ. नाना चिल्लाए थे.' आणि पुढं चालू लागली. गुहा नाही, झुले नाहीत, पट्टीही नाही. चार वर्षांच्या वयातलं एवढंच तिच्याजवळ उरलं होतं. मी तिला तिथंच रस्त्यात थांबवून माफी मागितली. तिला ते फारसं कळलं नसावं. तिनं मला एक रेवडी दिली.

कारंज्याच्या त्यांच्या घरात दाराच्या चौकटीवर माझ्या मुलीनं पेन्सिलीनं रेघा ओढल्या आहेत. एकशे वीसवर एक लाल खूण आहे. गुड्डी आता सात वर्षांची आहे आणि दर महिन्याला तिथं पाठ टेकून उभी राहते. परवा फोनवर तिनं सांगितलं की एकशे सोळा झाले. टाचा उचलल्या नव्हत्या ना, असं मी विचारलं, तर फोन आईकडे देऊन पळून गेली.